वडिलांच्या नावाचा पार

"तात्या, आवं वडिलांच्या नावावर घाव घालताय व्हय!" सरपंच धावत आले. केरबातात्यांनी पहार पुन्हा उचलली.

वडील गेले तेव्हा तात्यांनी गावातल्या सगळ्यात जुन्या चिंचेला त्यांच्या आठवणीसाठी पार बांधला होता. थेट बुंध्यापर्यंत सिमेंट, वर गुळगुळीत फरशी, मधोमध वडिलांचं नाव. गावानं तोंडभरून कौतुक केलं. पाच वर्षांत चिंच शेंड्याकडून वाळत आली, ढोल्यांतले पोपट निघून गेले. "वय झालं झाडाचं," गाव म्हणालं. तात्यांनीही मान डोलावली.

काल झाडं तपासायला आलेल्या बाईंनी त्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते सरसर वाहत गटारात गेलं. "मुळांनी प्यायचं काय, काका?" एवढंच त्या म्हणाल्या.

"त्यांचंच झाड मारलंय म्या," तात्या सरपंचांना म्हणाले. पुढच्या घावासरशी नाव फुटलं. खाली सिमेंटला टेकून चपटं झालेलं मूळ दिसलं. वडील उन्हाळाभर ज्या कळशीनं चिंचेला पाणी घालायचे, ती तात्यांनी तिथंच उपडी केली. माती घटाघटा पीत राहिली. तात्यांना मान वर करून झाडाकडे बघवेना.