साडेदोन कोटींचा गोलकीपर

गोलकीपरची किंमत वाचून खजिनदारबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. आठ कोटींचा गोलकीपर सुताराच्या क्लबाने ड्रायव्हरच्या क्लबाला विकला होता, तोही साडेदोन कोटींना.

साडेदोन!

अडीचला साडेदोन म्हणणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता, तो म्हणजे ड्रायव्हर. पण सौद्याची ही चिठ्ठी तर सुताराची होती.

फुटबॉलची ही लीग काही खरी नव्हती. सहा क्लब, सहा मॅनेजर: सुतार, ड्रायव्हर, शिंपी, मास्तर, नर्सबाई आणि स्वतः खजिनदारबाई. जो तो आपापल्या घरी संगणकापुढे. खेळाडू काल्पनिक, सामने संगणकच खेळवायचा, पैसा म्हणजे नुसते आकडे. नियम मात्र खरे होते. तिकिटांतून येईल तेवढंच खर्चायचं. खेळाडू मोलापेक्षा फार स्वस्तात द्यायचा नाही. आणि एका माणसाने एकच क्लब चालवायचा, नाहीतर एका खिशातलं दुसऱ्या खिशात आणि चषक घरातल्या घरात. नियम मोडला की हकालपट्टी. पण सहाचे पाच झाले की वेबसाइट लीगच बंद करून टाकायची.

बाईंनी उभी हयात कापडाच्या दुकानात गल्ला सांभाळला होता. म्हणून इथलाही हिशेब सगळ्यांनी त्यांच्याकडेच सोपवला होता. मास्तर आणि नर्सबाई यांच्या क्लबांत आपसात तर आजवर एक खेळाडूही इकडचा तिकडे झाला नव्हता. बाईंना त्याचा फार अभिमान होता.

दुपारी लेकीचा फोन आला.

“आई, आवाज का गं असा?”

“एकाने लबाडी केलीय. काढावं लागेल त्याला.”

“अगं, खेळाडू खोटे, पैसे खोटे, आणि डोकं मात्र तुझं खरंखुरं दुखतंय!”

“पैसे खोटे असले म्हणून हिशेब खोटा चालत नाही.”

“बरं बाई. जेवलीस का?”

“जेवले,” बाई म्हणाल्या. ओट्यावर सकाळचा चहाचा कप तेवढा पडला होता.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. फ्रिज तेवढा घरघरत राहिला.

लीग बंद पडली तर संध्याकाळी करायचं काय? चर्चेच्या पानावर रोज तासभर सहज जायचा. मास्तर तिथे सगळ्यांची खरडपट्टी काढायचे, नर्सबाई समजूत घालायच्या. मध्यंतरी मास्तर कित्येक महिने गप्प होते. मग त्यांच्या नावाने पुन्हा संदेश येऊ लागले, तेव्हा ड्रायव्हरला इतका आनंद झाला की त्याने पानभर लिहिलं होतं.

बाईंनी मन घट्ट केलं. ड्रायव्हरला आपला नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘फोन करा.’

फोन लगेच वाजला. जणू तो हातात फोन घेऊनच बसला होता.

“नमस्कार, खजिनदारबाई. ड्रायव्हर बोलतोय.” आवाज वयस्कर होता, खरखरीत. इतक्या वर्षांत बाई तो पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“सुतार कुठे आहेत?”

पलीकडे तो नुसता खाकरला.

“सुतार तुम्हीच ना?”

“हो,” तो म्हणाला. “कशावरून ओळखलंत?”

“अडीचला साडेदोन कोण म्हणतं हो?”

“का? चुकीचं आहे?” त्याला खरंच नवल वाटलं. “ट्रकमध्ये कायम एकटाच असायचो. घरीही तेच. चूक दाखवायला शेजारी कोणी बसलेलं असावं लागतं, बाई.”

“ते राहू द्या. सुतारांचं काय झालं?” बाईंनी विचारलं.

“सुतार वारले,” तो सांगू लागला. “आजारपणात पासवर्ड देऊन म्हणाले, माझा क्लब बुडू देऊ नकोस. मी नेकीने चालवला हो. पण माझा गोलकीपर जायबंदी झाला, त्यांचा नुसता बसून होता. मोह झाला.”

“मोह झाला म्हणे! हिशेब म्हणतात याला?”

“नाही म्हणत. आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. शिंपीही मीच.”

“काय?”

“ते कंटाळून सोडून गेले. पाचच उरले असते तर लीग बंद झाली असती. मग मी कोणाशी बोललो असतो?”

“म्हणजे तीन क्लब,” बाई हळूच म्हणाल्या.

“तीन. मला काढा, माझी काही तक्रार नाही. पण मास्तर आणि नर्सबाईंना फसवलं, ते मनाला लागतं. मास्तरांनी झाडलं तरी बरं वाटायचं हो. कोणीतरी आपलं वाचतंय, एवढं तरी. त्यांचा नंबर देता? माफी मागतो.”

“मास्तर फोनवर बोलत नाहीत.”

“मग नर्सबाईंचा?”

“त्यांची ड्यूटी असते.”

“तेही खरंच. कामाची माणसं. मग तुम्हीच विचारा दोघांना. ठेवा म्हणाले तर राहीन, नाहीतर तिन्ही क्लब बंद करा.”

“विचारते. गोलकीपरचा सौदा मात्र रद्द.”

“रद्दच करा.” तो घुटमळला. “बाई, मास्तर माफ करतील?”

“आधी चांगलं फैलावर घेतील. मग करतील.”

“घेऊ देत की! वाट बघतो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम हलका झाला.

बाईंनी फोन ठेवला, सौदा रद्द केला आणि त्या खजिनदाराच्या खात्यातून बाहेर पडल्या. मास्तर रागीट माणूस, त्यांचं उत्तर लिहायला वेळ लागणार होता. म्हणून बाईंनी आधी नर्सबाईंच्या खात्याचा पासवर्ड घातला.