दातांचं निमित्त

चर्चचं दार करकरलं, तशा सासूबाई झटकन शेवटच्या बाकाखाली शिरल्या. या वयात, या गुडघ्यांनिशी. पण ओळखीच्या कुणी पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सुनेच्या कानावर गेलं असतं. आणि सुनेला तर त्या दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून आल्या होत्या. तोंडात एकही खरा दात नसताना.

वर्षापूर्वी त्यांचा मुलगा अपघातात गेला. त्याला माती देऊन परतताना सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरून बजावलं होतं, “आजपासून देवाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. ना तू, ना मी.” सून मुकाट्यानं हो म्हणाली. मग रोज सून लॉन्ड्रीतल्या कामावरून परतली, की दोघी समोरासमोर बसून अन्न चिवडत राहत.

एका दुपारी मात्र सासूबाईंना राहवेना. देवाला चार शब्द सुनावल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. पोस्टाच्या खिडकीमागं उभा जन्म गेलेला. भांडणात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. रिकाम्या चर्चमध्ये वधस्तंभासमोर उभं राहून त्यांनी तोफ डागली, “एकुलता एक होता रे माझा.”

आणि तिथंच जीभ अडखळली. समोर जो खिळलेला होता, तोही एकुलता एकच होता.

त्या मटकन खाली बसल्या. पोटभर रडल्या. आपल्याबरोबर आणखी कुणीतरी रडतंय, असं त्यांना वाटत राहिलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. तेव्हापासून ‘डॉक्टरकडच्या’ फेऱ्या वाढल्या. भांडण कधी संपलं नि गप्पा कधी सुरू झाल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मन हलकं होत गेलं, पण एक गोष्ट आत बोचत राहिली. ज्या पोरीला आपणच अडवलं, तिला आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

बाकाखालून त्यांना चपला दिसल्या. अंगठ्यापाशी शिवलेल्या. पाठोपाठ लॉन्ड्रीतल्या गरम इस्त्रीचा वास. सून! सासूबाईंनी श्वास रोखून धरला. चपला क्षणभर घुटमळल्या, मग पुढं जाऊन पहिल्या बाकाशी थांबल्या.

“प्रभू,” रोजच्या माणसाशी बोलावं तशी सून बोलू लागली, “आजही आईंना न सांगता आले. त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि तुझ्याशिवाय माझाही निभाव लागत नव्हता. आता त्या नीट जेवतात. परवा तर चक्क हसल्या. हे तुझंच काम, मला ठाऊक आहे.”

मग तिनं आवाज जरा चढवला.

“आता एकच मागणं. शेवटच्या बाकाखालची फरशी फार गार आहे, आणि आईंना वाताचा त्रास आहे. त्यांना उठव, आणि इथं माझ्या शेजारी आणून बसव.”