चाळीसच्या आत

घनश्यामने पहिली सळई देवीलालच्या गुडघ्यावर मारली. दुसरी त्याच गुडघ्यावर. कामात तो पहिल्यापासून व्यवस्थित होता.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीसमोरच्या त्या गॅरेजचं शटर भरदुपारी खाली होतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने काळा चष्मा चढवला होता. वेल्डिंग मात्र तो करत नव्हता. आत, ऑइलच्या पालथ्या डब्यावर घनश्यामचा बाप सेवादास बसला होता. त्याला घनश्यामनेच आणलं होतं. मिस्तरी काय कबूल करतो ते बाने स्वतःच्या कानांनी ऐकावं, असा त्याचा आग्रह होता.

"काय केलं तू माह्या भावाच्या इंजनात?"

"बबलूनं सांगतलं थेच," देवीलाल म्हणाला. "हलका पिस्टन टाकला. पिस्टनचा राड घासून हलका केला. क्रँकचं वजन उतरवलं. पोरगं खूश होतं, भाऊ."

ते पोरगं म्हणजे बबलू, घनश्यामचा धाकटा भाऊ. पंधरवड्यापूर्वी त्याच्या सव्वाशे सीसीच्या गाडीचं इंजिन रस्त्यातच जाम झालं, मागचं चाक अडकलं, गाडी आडवी झाली आणि मागून कापसाचा ट्रक आला. ट्रकला ब्रेक होते. कापूस जास्त होता.

"नव्या पिस्टनची गाडी पयले चाळीसच्या आत चालवा लागते," देवीलाल म्हणाला. "पिस्टनले सिलिंडरात बसाले वेळ द्या लागते. मी बबलूले बजावलं होतं."

"चाळीसच्या आतच होता तो. ट्रकवाल्यानंच सांगतलं."

"मंग जाम काहून होईन?"

"थेच तर तुले इचारून राह्यलो."

तिसरी सळई खांद्यावर बसली.

खोललेलं इंजिन बाकावर होतं. देवीलाल सरपटत तिथवर गेला आणि पिस्टन हातात घेतला. मार खातानाही माणसाची सवय सुटत नाही; त्याने तो उजेडाकडे धरला. एक बाजू उभी ओरबाडली होती, कडा वितळून चिकटल्या होत्या.

"हा त्या दिवशी नाही गेला, भाऊ. आधीच कोणीतरी ताणली गाडी. शंभराच्या वर."

सळई तोंडावर आली. एक दात नटबोल्टच्या ट्रेमध्ये पडला आणि त्यांच्यात मिसळून गेला.

"माह्या मेलेल्या भावावर घालून राह्यला का?"

"बबलूवर नाही. दुसऱ्या कोणी..."

पुढचं राहिलं. घनश्यामने त्याचा डावा हात बाकावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात धरला आणि दांडा फिरवला. बोटं मोडल्याचा आवाज शेंगा फोडल्यासारखा आला. सेवादास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

"पिस्टन अन् सिलिंडरातला गॅप कमी ठेवला ना तू? बोल."

दांडा आणखी फिरला.

"ठेवला," देवीलाल म्हणाला. "गॅप कमी ठेवला. माहीच चूक. मीच मारलं त्याले."

घनश्यामने वाइस सैल केला. घाम पुसला. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला होता.

"आयकलं ना, बा?"

"आयकलं."

"चाल मंग. जेऊन घेऊ."

सेवादास गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"बबलू गेला, त्याच्या आदल्या दिवशी मी दारव्ह्याहून एसटीनं येत होतो," तो म्हणाला. "खिडकीत बसलो होतो. तू त्याची गाडी घेऊन एसटीले मागं टाकून गेलता. डायव्हरनं तुले माय-बापावरून शिवी देल्ली. मी आयकून घेतली."

शटरकडे निघालेला घनश्याम थांबला.

"म्हटलं, आज सांगशीन, उद्या सांगशीन. आज इथंही वाट पाह्यली."

त्याने घनश्यामच्या हातातली सळई काढून घेतली आणि देवीलालच्या धड राहिलेल्या हातात दिली.

"खाली बस," तो पोराला म्हणाला. "मिस्तरीचा गुडघा गेला. त्याले उभं राह्यता येत नाही."