सोबतीचा माणूस

आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, तरी इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या त्या घरात वेनिंगला झोप येत नव्हती. आई गेली त्या दुपारी ती घरीच होती. पण आई मोरीत घसरली हे तिला बाबांकडूनच कळलं, स्वतःला काही म्हणता काही आठवेना. शेवटी ती दुपार आठवावी म्हणून जकार्ताच्या संमोहनतज्ज्ञ रेत्नोबाई व्हिडिओ कॉलवर तिला संमोहित करायला तयार झाल्या.

"घरचं कुणीतरी शेजारी बसू दे," त्या म्हणाल्या. "मध्येच फोन बंद पडला, तर त्यांनी एक ते पाच मोजून तुला जागं करायचं."

"बसतो की मी," बाबा म्हणाले. "हिच्या आईच्या घोरण्यापायी तीस वर्षं जागाच बसलोय."

रेत्नोबाई एकपासून मोजत गेल्या, तशी वेनिंग एकेक पायरी खोल उतरत गेली. दहाव्या पायरीला समोर स्वयंपाकघराचं दार होतं.

"काय दिसतंय, पोरी?"

"आई जमिनीवर आहे. बाबांच्या हातात मिरच्या वाटायचा दगडी बत्ता आहे. ती हलत नाहीये, तरी ते मारतायत."

"वेनिंग, मी आता तुला..." रेत्नोबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. फोन बंद झाला.



शेजारून बाबा अगदी मऊ आवाजात मोजू लागले, "अकरा... बारा..."