तीन तडकलेल्या बरण्या

“पुन्हा तीन,” पेटीतल्या गवतातून तडकलेली बरणी बाहेर काढत दुकानवाल्या बाई म्हणाल्या. “असू द्या हो, होतं असं.”

असू द्या कसं? उस्तादची कानशिलं तापली. वीस वर्षं तो एकच पिकअप चालवत होता आणि तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. उस्ताद हे नाव काही फुकट पडलं नव्हतं. बायको घरामागच्या भट्टीत चिनी मातीच्या बरण्या भाजायची, स्वतःच्या हातानं पेट्या भरायची, आणि तो दर आठवड्याला त्या या दुकानात आणून द्यायचा. कधी टवका उडाला नव्हता. पण गेले दोन महिने दर खेपेला बरोबर तीन बरण्या कामातून जायच्या. त्यानं गवत दुप्पट केलं. पेट्या दोरीनं आवळल्या. सायकलवाले पुढे निघून जातील इतक्या हळू गाडी हाकली. तरी तीनच.

घरी आल्यावर तो दाराला धरून खाली उतरला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “गाडीचे शॉक-अब्सॉर्बर गेलेत. दुसरं काही नाही.”

“दोन वर्षं मी तेच सांगतेय,” बायको म्हणाली.

“तेव्हा माल फुटत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जायला चपला घालून आधी तीच गाडीत बसली.

मिस्त्रीनं गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. एकदा वर येऊन थांबायचं सोडून ती पाळण्यासारखी झुलत राहिली. खाली वाकून बघितलं, तर शॉकच्या नळीवरून तेल ओघळून धुळीत काळं झालेलं.

“यांनी कधीच मान टाकलीय,” मिस्त्री म्हणाला. “चालवता कसे तुम्ही?”

“हातात कला लागते,” उस्ताद म्हणाला.

मिस्त्रीनं फळीवर तीन प्रकारचे शॉक मांडले. एक साधे तेलाचे, एक गॅसचे आणि तिसरे मनगटाएवढे जाड, जड मालाचे. उस्तादनं जाडवाले उचलून तोलून बघितले.

“हेच. बघा कसे पैलवानासारखे आहेत.”

“माल किती किलो असतो?” मिस्त्रीनं विचारलं.

“दीडशे. फार तर पावणेदोनशे.”

“मग हे नकोत. टनभर माल असेल तरच हे दबतात. तेवढ्याशा वजनावर गाडी फळीसारखी आदळेल.”

“आणि येताना तर गाडी रिकामीच असते,” बायको मध्येच म्हणाली.

उस्ताद हसला. “अगं, रिकाम्या पेट्यांना काय होतंय?”

“पेट्याही खिळखिळ्या होतात,” ती म्हणाली.

हे मात्र त्याला पटलं. तो पुन्हा फळीशी आला. गॅसचे हातानं दाबून बघितले, तेलाचे दाबून बघितले, मिस्त्रीला दहा प्रश्न विचारले आणि शेवटी जणू स्वतःच शोध लावल्यासारखा म्हणाला, “तेलाचे द्या. नाजूक मालाला मऊच चाल हवी. दोन मागचे काढा.”

“चार,” बायको म्हणाली.

“पुढचे कशाला? बरण्या काय माझ्या मांडीवर असतात?”

“पुढचं चाक खड्ड्यात गेलं की हिसका मागेपर्यंत जातोच ना?”

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, मग उस्तादकडे. “वहिनी बरोबर बोलतायत. चारही बदला.”

“बदला,” उस्ताद म्हणाला. “बरण्यांच्या बाबतीत हयगय नको.”

दुपारपर्यंत शॉक बसले. उस्तादनं गाडी मुद्दाम रेल्वे फाटकाजवळच्या खराब रस्त्यावर घातली. जिथे डोकं छताला लागायचं, तिथे गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर झाली आणि खाली आली. त्यानं बायकोकडे असं बघितलं, जणू रस्ताही त्यानंच बांधला होता.

पुढच्या आठवड्यात दुकानवाल्या बाईंनी सगळ्या पेट्या उघडल्या. एकेक बरणी बाहेर काढून बोटानं वाजवली. सगळ्या खणखणीत.

“आज एकसुद्धा नाही!”

“नुसते नवे शॉक घालून चालत नाही, बाई,” उस्ताद काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. “निवडता यावं लागतं. जाडजूड दिसतात म्हणून लोक उचलतात आणि फसतात. माल कसा आहे ते आधी बघायचं.”

बाईंनी मान डोलावली आणि तोंडावर पदर धरला. त्यांना खोकला आला असावा.

परतीच्या वाटेवर तो शीळ वाजवत आला. अंगणात उडी मारूनच उतरला आणि बायकोला बातमी द्यायला भट्टीकडे निघाला. ती पाठमोरी बसून फोनवर थोरल्या बहिणीशी बोलत होती, म्हणून तो दाराशीच थांबला.

“हो ताई, चारही बदलले एकदाचे,” ती हसत सांगत होती. “त्यांच्या कमरेसाठी दोन वर्षं सांगून सांगून माझी जीभ झिजली, ऐकलं नाही. भट्टीतच तडकलेल्या तीन-तीन बरण्या पेटीत घालायला लागले, तेव्हा कुठे दोन महिन्यांत काम झालं.”