साफसफाईचा क्रम

रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी जुन्या नोंदींच्या साफसफाईला सगळ्यात खालचा क्रम देऊन ठेवला होता. पाच वर्षांपूर्वी दगावलेल्या रुग्णांच्या फायली डिस्कवरून पुसायचं ते काम. अपघात विभागाची घाई मध्ये आली की ते आपोआप थांबायचं, आणि घाई तर रोजचीच. चार महिने ते जागचं हललं नव्हतं.

"बाई, हे कधी उरकणार?" साहेब विचारायचे.

"आधी जिवंत माणसं, साहेब," त्या म्हणायच्या. साहेबांना ते पटायचं.

आज दुपारी अपघात विभागातून डॉक्टरांचा फोन आला. "बाई, डिस्क भरलीय म्हणतोय कॉम्प्युटर! लहान मुलगी आहे, डोक्याला मार लागलाय. स्कॅन सेव्हच होत नाहीये, सर्जन खोळंबलेत. काहीतरी करा!"

बाईंचा हात माउसवर अडखळला. मग त्यांनी साफसफाईला सगळ्यात वरचा क्रम दिला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

सहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. "दिसला स्कॅन! पोरगी वाचेल, बाई."

"बरं झालं हो," म्हणून त्यांनी फोन ठेवला, दार लोटून घेतलं आणि कॉम्प्युटरवर एका रुग्णाचा नंबर टाकला. जेवायच्या सुट्टीत त्या रोज लेकीची फाईल उघडून नर्सने लिहिलेली शेवटची नोंद वाचायच्या: 'आज दोन घास जेवली. आई कधी येणार, विचारते.'

पडद्यावर ओळ आली: 'या क्रमांकाचा रुग्ण सापडला नाही.'