सवतीचं अक्षर

"हे तुम्ही लिवलं का, मॅडम?" शिल्पानं वही पुढं केली.

वहिदा मॅडमनी चष्मा सारखा करून पानावर नजर टाकली. शिल्पाच्या गणिताखाली बारीक पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, 'चिन्ह बदलायचं विसरलीस.'

"मी लाल पेननं तपासते," मॅडम म्हणाल्या. "गणित मात्र चुकलंय. पुन्हा कर."

कंधारजवळच्या त्या गावात अंगणवाडीच्या खोलीत दुपारचा वर्ग भरायचा, लहानपणीच शाळा सुटलेल्या बायांचा. मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडहून यायच्या, वह्या तपासायला घरी न्यायच्या, पुढच्या खेपेला परत आणायच्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाया बाहेरून दहावीला बसायच्या. कुणी कडेवर लेकरू घेऊन यायची, कुणी कापूस वेचून थेट. शिल्पाला आठवीतून काढून बोहल्यावर उभं केलं होतं. वर्गात टेकली की तिला वाटायचं, अजून आपलं सगळंच काही वाया गेलं नाही.

सासरच्यांनी तिला वर्गाला धाडलं ते काही कौतुकानं नव्हे. भीतीपोटी धाडलं.

तिच्या नवऱ्याची, वैजनाथची, पहिली बायको तनुजा. तीन वर्षांमागं मन्याड नदीच्या पुरात गेली. काठावर चपला सापडल्या, प्रेत काही सापडलं नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना! वैजनाथनं हात जोडले, सगळ्या भावकीनं जोडले, पण कावळे आपले झाडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

सासूच्या, केवळाबाईच्या, जिवाला ते लागलं ते लागलंच. "ह्याच वर्गाला जायची ती, दहावी राह्यली तिची," ती म्हणायची. "त्याच्यातच जीव अडकलाय. हिनं पास होऊन दावलं की सुटंल बिचारी." झालं! मेलेल्या सुनेची इच्छा जित्या सुनेच्या गळ्यात पडली. आणि जिती मनातून खूश होती, हे ती बापडी सांगणार कुणाला?

त्या दिवशी घरी आल्या आल्या शिल्पानं ट्रंकेतली तनुजाची जुनी वही काढली आणि दोन्ही पानं शेजारी धरली. 'ल'ला तीच गाठ, 'र'ची तीच लांब शेपटी. तिनं वही मिटून ट्रंकेत खाली दडपली.

पुढच्या खेपेला निबंध होता, 'माझे घर'. 'माझ्या घरात सगळे मला जीव लावतात,' असं शिल्पानं छान वळणदार लिहिलं. वही परत आली तेव्हा खाली पेन्सिलीनं दोनच शब्द होते, 'खरं लिही.'

मग एकदा वैजनाथनं तिचं मनगट पिरगाळलं. भाकरी करपली होती, एवढंच निमित्त. दोन दिवस बोटं उमटलेली होती. शिल्पानं तशाच हातानं वेडंवाकडं लिहून वही दिली. मंगळवारी पानाच्या कडेला मजकूर आला, 'मनगट शेकून घे. माझं पण असंच सुजायचं.'

शिल्पा त्या दिवशी भीतीनं रडली. पण घरात चकार शब्द काढला नाही. काढला असता तर वर्ग बंद झाला असता, आणि वर्ग बंद झाला की तिच्याजवळ दुसरं होतं काय?

"मॅडम," तिनं अखेर विचारलं, "मेलेलं माणूस लिवतं का हो?"

मॅडम बराच वेळ फळा पुसत राहिल्या. "भीती वाटते?"

"लई."

"मग वाचू नकोस. पण पान फाडू नकोस, बेटा."

शिल्पानं फाडलं नाही. खरं सांगायचं तर ती वाट बघायला लागली होती. तिची चूक समजावून सांगणारं, जेवलीस का विचारणारं तिला दुसरं कोण होतं? सवत तर सवत.

परीक्षा जवळ आली तसा वैजनाथ म्हणाला, "भूगोलाचा पेपर झाला की संपलं हे नाटक. वह्या चुलीत घालायच्या. ती सुटली, आपण बी सुटलो."

आणि शेवटच्या शुक्रवारी वही परत आली. कोऱ्या पानावर लिहिलेलं होतं, 'शेवटचा पेपर झाला की माझ्याकडं ये. बरोबर काही घेऊ नकोस.'

शिल्पानं ते दोनदा वाचलं. तर हे होतं सवतीच्या पोटात! शिकवलं, जपलं, ते ह्याच्यासाठी? परीक्षा बुडवावी, असं तिच्या मनात दहादा आलं. पण बुडवून तरी काय, तीच चूल आणि तीच बोटं. मरायचंच असेल तर दहावीचे सगळे पेपर देऊन मरीन, असं तिनं ठरवलं आणि पुस्तक उघडलं.

भूगोलाच्या दिवशी वैजनाथनं तिला मोटारसायकलवरून कंधारच्या केंद्रावर सोडलं. "सुटलीस की हितंच यायचं. हललीस तर बघ," तो फाटकापाशी उभा राहून म्हणाला.

शिल्पानं सगळा पेपर लिहिला. नकाशासुद्धा भरला. घंटा झाली, पोरींचा लोंढा बाहेर निघाला. एकटक जमिनीकडं बघत ती पाण्याच्या टाकीपाशी आली.

तिथं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई उभी होती. तिनं पुढं होऊन शिल्पाचा हात धरला.

"माझ्याकडं ये म्हणून लिवलं होतं न्हवं?"

शिल्पा ओरडणारच होती. पण धरलेला हात चांगला उबदार होता, घामेजला होता.

"चल लवकर," बाई कुजबुजली. "तो फुडच्या फाटकावर हाय. मागं वहिदा मॅडम रिक्षात बसल्यात. नदीकाठी मी नुसत्या चपला सोडल्या होत्या गं. नांदेडला माझ्या खोलीत तुझी बी खाट टाकून ठेवलीय."